पूर्वीच्या पांगाऱ्यापासून शंभर मीटर

ओल्मान किरोसच्या वेबसाइटवर तुरियाल्बा गावातल्या चारशे बारा दुकानांचे पत्ते होते आणि त्यांतल्या एकाही पत्त्यात रस्त्याचं नाव नव्हतं. रस्त्यांना नावं होती. नगरपालिकेने मागे एकदा हौसेने निळ्या पाट्याही ठोकल्या होत्या, पण त्या वाचायची सवय कोणालाच लागली नाही. पत्ता सांगायचा तर सगळ्यांना ठाऊक असलेली एक खूण धरायची आणि तिथून चालायला लागायचं: चर्चपासून दोनशे मीटर दक्षिणेला, मग पन्नास पश्चिमेला, समोर लोखंडी जाळीचं घर. शंभर मीटर म्हणजे एका चौकापासून पुढच्या चौकापर्यंत, मग ते अंतर मोजून साठ भरो की एकशेचाळीस. बरं, खूण जागेवर असलीच पाहिजे असंही नव्हतं. थिएटर पाडून पंचवीस वर्षं झाली, तरी तीन गल्ल्या ‘पूर्वीच्या थिएटरपासून’च मोजल्या जात. परगावचा माणूस नसलेल्या थिएटरसमोर सामान घेऊन उभा राही, आणि गावकरी त्याला मोठ्या प्रेमाने आणखी एखाद्या नसलेल्या गोष्टीकडे पाठवत.

अशा लोकांसाठी ओल्मानने ही वेबसाइट काढली होती. सव्वीस वर्षं शाळेत भूगोल शिकवून घसा बसल्यावर त्याला बोलण्यापेक्षा लिहिणं सोपं वाटू लागलं. दुकानदार महिन्याला थोडीफार वर्गणी देत. त्याला खरा अभिमान होता तो अकरा पत्त्यांचा. ते अकरा पत्ते त्याच्याच घराच्या पिवळ्या फाटकापासून सुरू होत. त्या फाटकाआड त्याची बायको सिनिया, माहेरच्याच सोलानो आडनावाने, शाळेचे गणवेश शिवत असे. गावात आमदार होता येतं, खूण होता येत नाही. लोकांनी ठरवावं लागतं.

मंगळवारी सकाळी दोन्या एलिएत आल्या; इथे बाईला मानाने दोन्या म्हणतात आणि पुरुषाला दॉन. चौकाच्या टोकाला त्यांची बेकरी. कोपरापर्यंत पीठ, अंगावर एप्रन, आणि चेहरा असा की ओल्मान खुर्चीतून उठलाच.

“दॉन ओल्मान, तुमच्या वेबसाइटवर बाया नाचतायत.”

“कसल्या बाया?”

“वजन घटवणाऱ्या! मी माझ्या पावाचा फोटो बघायला गेले, तर एक जण पोट दाखवत आडवी आली. पाव विकणाऱ्या बाईच्या पानावर! हा काय चावटपणा म्हणायचा?”

“दोन्या एलिएत, त्या बाया माझ्याकडे नाहीत. तुमच्या कंप्युटरात आहेत.”

“माझ्या कंप्युटरात माझी नातवंडं आहेत फक्त.”

“त्यांनीच आणल्यात. फुकटचा खेळ उतरवला असेल, त्याच्या पाठीवर बसून जाहिराती आल्या. आता तुम्ही कुठल्याही पानावर जा, त्या आधी पोचतात. मोटारीच्या काचेवर कोणी पोस्टर चिकटवलं, तर तुम्हाला ते सगळ्यांच्या घरांवर दिसणार. त्यात घरांचा काय दोष?”

“पण दिसतं ते तुमच्या घरावर,” एलिएत म्हणाल्या, आणि ताजा पाव ठेवून गेल्या. रागावल्या तरी पाव ठेवायची त्यांची रीत होती.

तक्रार करणाऱ्या त्या पहिल्या नव्हत्या. ओल्मान पद्धतशीर माणूस. त्याने आधी स्वतःचं घर तपासलं: वेबसाइटची एकेक फाइल उघडून पाहिली, बाहेरून उसना घेतलेला, हवामान दाखवणारा कोडचा तुकडा काढून टाकला, परवानगीशिवाय बाहेरचं काहीही पानावर चढू देऊ नये असा नियम ब्राउझरला घालून दिला. मग पहिल्याच पानावर ठळक सूचना लावली: “इथे दिसणाऱ्या आगंतुक खिडक्या आमच्या नाहीत. आपलं यंत्र तपासा.” खाली ब्राउझरला चिकटलेल्या अनोळखी जोडण्या, म्हणजे एक्स्टेन्शन, कशा काढायच्या ते चित्रांसकट दिलं. सूचनेवर चार जणांनी उत्तर पाठवलं की खिडक्या बंद करायची ही खिडकी कशी बंद करायची ते सांगा.

शेवटी त्याने एक छोटा पहारेकरी प्रोग्रॅम लिहिला. वाचणाऱ्याच्या पडद्यावर पानात काही उपरं घुसलं, की त्याची नोंद ओल्मानकडे यायची. नोंदी भराभर आल्या. बारीक करणारा चहा, फोनमध्ये सापडलेले चार विषाणू, बक्षीस लागलेली गाडी. त्या रात्री ओल्मान समाधानाने जेवला. निदान चोर तरी ओळखीचे निघाले.

बुधवारी योर्लेनीचा फोन आला. ती सार्वजनिक वाचनालयात नोकरीला होती. तिथले तीन कंप्युटर सगळ्या गावाचे, त्यामुळे गावभराच्या रोगांची तिथे नेहमी ये-जा.

“दॉन ओल्मान, तो चहा वगैरे आम्हाला सवयीचा झाला हो. पण एक वेगळीच खिडकी येते. तिच्यात काही विकत नाहीत.”

“मग करतात काय?”

“पत्ता सांगतात.” तिने वाचून दाखवलं. “पूर्वीच्या पांगाऱ्यापासून शंभर मीटर पश्चिमेला.”

“पूर्वीच्या?”

“तेच तर. पांगारा मला आत्ता खिडकीतून दिसतोय. चांगला फुललाय मेला.”

पांगारा मैदानाच्या कोपऱ्यावर होता. फुलांचा केशरी सडा आणि त्यावर गावामागच्या ज्वालामुखीची राख, असा तो कोपरा वर्षातले दोन महिने तरी असे. पांगाऱ्यापासून पश्चिमेला शंभर मीटरवर काय आहे, हे ओल्मानने स्वतःच्याच यादीत पाहिलं. काहीच नव्हतं. नुसती भिंत होती.

त्याने योर्लेनीकडे फोटो मागितला. फोटोत त्याचंच पान होतं, सरळ, स्वच्छ. मधोमध काचेवर बाहेरच्या झाडाचं प्रतिबिंब पडलेलं. “झाडाच्या जागी नीट बघा, तिथेच आहे,” योर्लेनी म्हणत राहिली. पहारेकऱ्याची नोंदही त्याने उघडली. त्या वेळी, त्या यंत्रावर, पानात काहीही घुसलेलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात नगरपालिकेची माणसं करवत घेऊन आली. मुळांनी गटार फोडलं होतं. अर्ज सहा महिन्यांपूर्वीचा होता. भुशाचा ढीग होता, शिक्का मारलेला कागद होता, सगळं रीतसर होतं. ओल्मानने यादीतल्या नऊ पत्त्यांत ‘पांगाऱ्यापासून’च्या आधी ‘पूर्वीच्या’ हा शब्द घातला. योगायोग हा शब्द भूगोलाच्या मास्तराला आवडत नाही, पण तो वापरता येतो.

त्याला खटकली ती नंतरची गोष्ट. पंधरा दिवसांनी तो वाचनालयात गेला, तेव्हा योर्लेनी पुस्तकांवरची राख फडक्याने पुसत होती.

“पांगारा गेल्यापासून उजेड जास्त येतो का हो इथे?” त्याने सहज विचारलं.

“काय की. मी नोकरीला लागले तेव्हापासून हा एवढाच येतो.”

“अहो, परवापर्यंत झाड होतं तिथे.”

योर्लेनी हसली. “दॉन ओल्मान, भूकंपात गेलं ते झाड. माझी आजी सांगायची.”

तिच्या डोळ्यांत थट्टा नव्हती. ती शोधायला ओल्मान जरा जास्तच वेळ पाहत राहिला, तेव्हा तिने फडकं झटकलं आणि दुसऱ्या कपाटाकडे गेली. मैदानाच्या कोपऱ्यावर बुंधा होता. त्याच्या भेगांतून गवत उगवलं होतं आणि मुंग्यांनी आत कधीचा संसार थाटला होता. ओल्मानने वाकून भुसा शोधला. चिमूटभरही नव्हता.

त्याच संध्याकाळी दोन्या एलिएत पुन्हा आल्या. या वेळी पाव नव्हता.

“मागे बाया नाचवल्यात, ठीक. आता मलाच पोचवलंत? ‘दोन्या एलिएतच्या पूर्वीच्या बेकरीपासून पंचाहत्तर मीटर दक्षिणेला.’ पूर्वीच्या! माझी भट्टी पेटलेली आहे, दॉन ओल्मान. मी पेटलेली आहे!”

ओल्मान त्यांच्याबरोबर गेला. बेकरीच्या मागच्या खोलीत, साखरेच्या पोत्यांमध्ये बसून त्याने त्यांचा कंप्युटर उघडला. दोन तास लागले. सात आगंतुक निघाले. प्रत्येक काढताना तो नाव मोठ्याने वाचत होता आणि एलिएत प्रत्येकाला एक शिवी देत होत्या. शेवटी त्याने स्वतःची वेबसाइट उघडून दाखवली. काहीही आलं नाही.

“गेली?” एलिएतनी विचारलं.

“गेली.”

“मग मी आता ‘सध्याची’ ना?”

“तुम्ही सध्याच्या.”

त्या हसल्या आणि तो निघताना त्याच्या हातात चिजचा पाव कोंबला. कागदी पिशवीवर त्यांच्या बेकरीचा लाल शिक्का होता. ओल्मानने ती पिशवी घरी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली.

दोनच दिवसांनी बेकरीचं शटर खाली होतं.

आजारी असतील, म्हणून तो दुसऱ्या दिवशी गेला. मग तिसऱ्या. तिसऱ्या दिवशी त्याला दिसलं की शटरच्या खोबणीत राख दगडासारखी बसली आहे आणि कुलपाचं भोक गंजून मिटलं आहे. शेजारी सायकली दुरुस्त करणारा माणूस कामावरून नजर न उचलता म्हणाला, “तिथे काय बघताय? ते बंद होऊन वर्षं झाली.”

“किती वर्षं?”

“झाली बरीच.” त्याने चाक फिरवून कानाशी धरलं. “बाई चांगली होती म्हणतात.”

ओल्मान घरी आला तेव्हा सिनिया कॉलरी उलटवत होती. तुरियाल्बात नवरा-बायको एकमेकांना अहोजाहो करतात, आणि भांडण असेल तर कटाक्षाने.

“सिनिया, दोन्या एलिएत कुठे गेल्या, तुम्हाला माहीत आहे?”

“कोण? बेकरीवाल्या?” तिने दोरा दातांनी तोडला. “बिचाऱ्या. त्यांना जाऊन किती वर्षं झाली हो? आपण मयताला गेलो होतो ना?”

टेबलावर लाल शिक्क्याची पिशवी होती. तिच्यातला उरलेला पाव सिनियाने सकाळी कॉफीबरोबर खाल्ला होता. ओल्मानने पिशवी उचलली. तळाशी चिजचे कण होते, अजून मऊ.

“हा पाव कुठला?”

“तुम्हीच आणलात की. मला काय विचारता?” मग त्याच्याकडे नीट पाहून ती म्हणाली, “तुम्ही त्या खिडक्यांच्या मागे लागून झोप घालवलीय. चेहरा बघा.”

“तुमच्या फोनवर येतात?”

“खिडक्या? दिवसभर. मापं बघायला फोन उघडावा, की आल्याच.”

“मला सांगितलं नाहीत ते!”

“सगळ्या गावाला तुम्ही सांगता, ‘आपलं यंत्र तपासा.’ घरात कधी विचारलंत?” ती हसत होती. “बोटाने बाजूला सारते मी. माशीसारख्या.”

“त्यात काय लिहिलेलं असतं?”

“मी वाचते कुठे?”

ओल्मानने तिचा फोन घेतला आणि त्यात होतं नव्हतं ते सगळं पुसून टाकलं. गिऱ्हाइकांची मापंही गेली. सिनिया त्याच्याशी दोन दिवस बोलली नाही, आणि त्या दोन दिवसांत त्याने दर पंधरा मिनिटांनी दारातून डोकावून ती आहे याची खात्री केली.

शुक्रवारी योर्लेनीचा फोन आला.

“दॉन ओल्मान, ती पत्त्याची खिडकी पुन्हा आली. तुम्ही सांगितलेलं सगळं करून हे कंप्युटर पुसून घेणार होते, त्याआधी म्हटलं तुम्हाला कळवावं.”

“वाचा.”

“पूर्वीच्या पिवळ्या फाटकापासून पन्नास मीटर उत्तरेला.” ती थांबली. “पिवळं फाटक म्हणजे तुमच्या मिसेसचंच ना?”

शिवणयंत्राचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. तो मध्येच थांबला. पुन्हा सुरू झाला.

“दॉन ओल्मान? पुसू ना मग?”

“नको,” तो म्हणाला. “योर्लेनी, हात जोडतो, काही पुसू नका. आहे तसं राहू द्या.”

गावाला महिनाभर यंत्रं साफ करायला सांगणारा माणूस आता एका घाणेरड्या यंत्रासाठी गयावया करत होता. ती खिडकी त्याच्या स्वतःच्या स्वच्छ कंप्युटरावर कधीच येणार नव्हती. पुढचा पत्ता कळायचा तर तो वाचनालयातूनच. त्याने पहिल्या पानावरची ठळक सूचना काढून टाकली.

मग तो बसून विचार करू लागला, आणि हा विचार त्याला भूगोलाच्या तासासारखा स्पष्ट सुचला. खिडकी माणसाला पूर्वीचं म्हणत नव्हती. ती म्हणत होती, पिवळं फाटक पूर्वीचं. ठीक आहे. पिवळं फाटक पूर्वीचं करून टाकू.

शनिवारी सकाळी त्याने हिरव्या रंगाचा डबा आणला.

“माझं फाटक!” सिनिया धावत बाहेर आली. “ओल्मान, अहो, लोक ह्याच्यावरून पत्ता सांगतात!”

“गंज धरला होता.”

“गंज तुमच्या डोक्याला धरलाय. पिवळ्याला पिवळा रंग मिळत नाही?”

“हिरवा टिकतो.”

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या केसांत दोऱ्याचे तुकडे अडकले होते. ओल्मानला वाटलं, सांगून टाकावं. पण काय सांगणार? की वेबसाइटच्या एका खिडकीने सांगितलंय, आणि ती खिडकी मी पाहिलेली नाही? तो रंग देत राहिला. दुपारपर्यंत फाटक पोपटासारखं हिरवं झालं. त्याने अकरा पत्ते उघडले आणि प्रत्येकात ‘पूर्वीच्या’ हा शब्द स्वतःच्या हाताने घातला.

आठवडा गेला. सिनिया होती. तिने पस्तीस शर्ट शिवले, फाटकावरून रोज एकदा टोमणा मारला, आणि एकदा त्याच्या थाळीत जास्तीचं केळं तळून वाढलं, म्हणजे समेट झाला. दुसरा आठवडा गेला. ओल्मान रोज वाचनालयात फोन करी.

“काही आलं?”

“काही नाही. नुसता चहा आणि गाडी.”

तिसऱ्या आठवड्यात त्याने रोज फोन करणं सोडलं. झोप परत आली. हात मात्र स्वस्थ बसत नसत. बोलताना तो टेबलावर बोटांनी टकटक करी आणि ते सिनियाने सांगितल्यावर त्याच्या लक्षात येई.

पिवळं फाटक राहिलं नाही, तेव्हा गल्लीला दुसरी खूण लागली. कोपऱ्यावरचा भाजीवाला कोणाला तरी समजावत होता: “हे बघा, दॉन ओल्मानचं घर माहीत आहे? वेबसाइटवाले? तिथून पंचवीस मीटर खाली.” ओल्मान पपई घेऊन शेजारी उभा होता. त्याला हसू आलं. त्याने घरी जाऊन सिनियाला सांगितलंही. “आता मी खूण झालो.”

“व्हा,” ती म्हणाली. “माझं फाटक खाऊन.”

पावसाने हिरवा रंग खालून धुतला गेला होता आणि कडांना पिवळा डोकावत होता. ते त्याला बघवेना. गुरुवारी तीनच्या सुमाराला तो डबा घेऊन रस्त्याच्या बाजूने दुसरा हात द्यायला उभा राहिला. ज्वालामुखी त्या दिवशी शांत होता. शेजारच्या घरात कॉफी गाळल्याचा वास येत होता.

राजधानी सान होसेहून कुरिअरची गाडी आली. चालक खोकं घेऊन उतरला आणि इकडेतिकडे पाहू लागला.

“कोण हवंय?” ओल्मानने विचारलं.

चालकाने खोक्यावरचा कागद वाचला, फाटकाकडे पाहिलं आणि ओल्मानच्या खांद्यावरून आत हाक मारली. “दोन्या सिनिया सोलानो?”

“आले!”

ती अंगणातून आली, गळ्यात टेप, हातात कात्री. फाटक अर्धवट उघडलं. ओला रंग तिच्या बोटांना लागला. तिने बोटांकडे पाहिलं.

“कापड आहे,” चालक म्हणाला. “अर्धा तास फिरतोय, बाई. पत्ता असा आहे बघा. ‘जिथे दॉन ओल्मान राहायचे, तिथून पंचवीस मीटर दक्षिणेला.’”

ब्रशवरून एक थेंब ओल्मानच्या बुटावर पडला.

“सिनिया,” तो म्हणाला.

सिनियाने कागद हातात घेतला आणि कपाळाला आठ्या घालून वाचला.

“पंचवीस मीटर कुठले?” ती म्हणाली. “हेच ते घर.”

“वेबसाइटवर तसंच आहे.”

“चुकलं असेल.” तिने कात्री काखेत धरून सही केली. “दुरुस्त करायला आता कोणी नाही ना.”

चालकाने मान हलवली, खोकं आत ठेवलं आणि गाडीकडे वळला. सिनियाने हिरवी झालेली बोटं एप्रनला पुसली, आणि फाटक ओढून घेऊन आतून कडी घातली.